बरी न होणारी नायिका

योहाना स्पिरी यांच्या ‘हायडी’च्या १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तरार्धात चाकांच्या खुर्चीवरील क्लारा आल्प्सच्या हवेत चालू लागते, आणि सुझन कूलिज यांची १८७२ मधील केटी, झोपाळ्यावरून पडून चार वर्षे अंथरुणास खिळल्यावर, सहनशीलतेचे धडे गिरवून पुन्हा पायांवर उभी राहते, तेव्हा जिचे अपंगत्व आजन्म आहे अशा बालवाचिकेस आपण तेवढ्या अपूर्ण राहिलो असे वाटल्यास तिचा काय कसूर?

म्हणूनच अमेरिकन लेखिका सीसी बेल यांचे ‘एल डेफो’ (२०१४) हे चित्ररूप आत्मचरित्र मला अत्यंत मोलाचे वाटते. चौथ्या वर्षी मेनिंजायटिसने श्रवणशक्ती गमावलेली, आणि लांब कानांच्या सशाच्या रूपात (किती अर्थपूर्ण योजना!) रेखाटलेली ही बालिका छातीवर श्रवणयंत्र बांधून शाळेत जाते, बाईंच्या गळ्यातील मायक्रोफोनमुळे त्या शाळेत कोठेही असल्या तरी त्यांचा आवाज तिला ऐकू येतो, आणि या सामर्थ्याच्या बळावर ती मनोमन महानायिका होते. ती बरी होत नाही. तिला हवी असते ती केवळ एक खरी मैत्रीण. २०१५ मध्ये या पुस्तकास न्यूबेरी ऑनर हा सन्मान लाभला. ऐकू येणाऱ्या मुलांच्या हातीही ते आवर्जून द्यावे.