न मागता येणारे ड्रायव्हर : संगणकाच्या अद्ययावतीकरणाची एक बाजू

कार्यालयातील संगणक सकाळी सुरू करावा आणि अद्ययावतीकरणाच्या यादीत १९६८ सालची तारीख असलेली एखादी नोंद दिसावी, असा अनुभव गेल्या काही वर्षांत जगभरच्या संगणक वापरणाऱ्यांना आला आहे. नोंदीत इंटेल कंपनीचे नाव असते, पुढे ‘सिस्टिम’ हा शब्द असतो आणि त्यापुढे अमेरिकन पद्धतीने, म्हणजे महिना आधी लिहून, ‘७/१८/१९६८’ अशी तारीख असते. १९६८ मध्ये विंडोज नव्हती, घराघरांत व कचेऱ्यांत ठेवता येईल असा संगणकही नव्हता. मग ही वस्तू आली कोठून, ती कोणी मागितली आणि ती बसवून घ्यावी की नाही, असे प्रश्न संगणकावर बसणाऱ्या लिपिकाला किंवा शिक्षकाला पडले तर त्यात नवल नाही. पुष्कळदा या प्रश्नांची उत्तरे न शोधताच समोरचे बटण दाबले जाते. काही ठिकाणी याच्या उलट, धास्तीपोटी सर्वच अद्ययावतीकरण बंद करून टाकले जाते. दुसरा मार्ग पहिल्याहून अधिक धोक्याचा आहे.

ड्रायव्हर हा दुभाष्या

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची आज्ञा घेण्याची रीत वेगळी असते. एका कंपनीच्या प्रिंटरला कागद ओढण्याची आज्ञा ज्या संकेतांनी द्यावी लागते, ते संकेत दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरला कळत नाहीत. विंडोजसारखी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, या सर्वांच्या भाषा शिकत बसत नाही. ती एका ठरलेल्या भाषेत आज्ञा देते आणि मध्ये बसलेला दुभाष्या ती त्या त्या उपकरणाला समजावून सांगतो. या दुभाष्या आज्ञावलीलाच ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर, स्कॅनर, कळफलक, ध्वनी, पडद्यावरील चित्र, इंटरनेटची जोडणी, बोटांचे ठसे घेणारे यंत्र अशा प्रत्येकामागे एक ड्रायव्हर उभा असतो.

या दुभाष्याला मोठे अधिकार असतात. पत्र लिहिण्याची किंवा हिशेबाची आज्ञावली बिघडली तर तेवढीच बंद पडते. पुष्कळसे ड्रायव्हर मात्र कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतात आणि तेथे झालेली चूक सगळा संगणक बंद पाडते. पडदा निळा होतो तो बहुधा अशाच वेळी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीची एक सदोष फाइल जगभर पाठवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. ती फाइल विंडोज अपडेटमधून आलेली नव्हती, कंपनीने ती स्वतःच्या मार्गाने पाठवली होती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु गाभ्यात बसलेल्या ड्रायव्हरचे पाऊल चुकले म्हणजे काय होते, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

तबकडीपासून आपोआप पुरवठ्यापर्यंत

पूर्वी उपकरणाच्या खोक्यातच ड्रायव्हरची फ्लॉपी किंवा तबकडी येत असे. ती हरवली की उपकरण असून नसल्यासारखे. १९९५ च्या विंडोजमध्ये उपकरण जोडताच संगणकाने ते आपणहून ओळखावे अशी योजना आली. ती किती अवघड होती याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना एक स्कॅनर जोडला गेला आणि भर सभेत पडदा निळा झाला.

त्याच विंडोज ९८ बरोबर ‘विंडोज अपडेट’ची सोय सुरू झाली. आरंभी वापरणाऱ्याने स्वतः जाऊन हवे ते निवडून घ्यावे लागे. पुढे हा पुरवठा हळूहळू आपोआप होऊ लागला आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये ड्रायव्हरही सर्वसाधारण अद्ययावतीकरणाबरोबर न विचारता येऊ लागले. ज्यांना तबकड्या सांभाळण्याचा त्रास आठवतो त्यांना ही सोय वाटली. ज्यांचा नीट चाललेला संगणक एका सकाळी बिघडला त्यांना ती लादणूक वाटली. दोघांचेही म्हणणे खरे होते. तक्रारी इतक्या आल्या की नको असलेले अद्ययावतीकरण लपवून ठेवण्याचे एक वेगळे साधन मायक्रोसॉफ्टला त्याच वर्षी उपलब्ध करून द्यावे लागले. २०२० पासून पुष्कळसे ड्रायव्हर ‘ऐच्छिक’ या वेगळ्या यादीत दाखवले जातात. ते वापरणाऱ्याने निवडल्याशिवाय बसत नाहीत.

खोक्यावर एक नाव, आत दुसरे

आपण घेतलेल्या संगणकावर एका कंपनीचे नाव आहे आणि अद्ययावतीकरणात भलत्याच कंपनीचे नाव दिसते, ही शंका वारंवार घेतली जाते. तिचे उत्तर सोपे आहे. संगणक बनवणारी कंपनी त्यातील प्रत्येक चिप स्वतः बनवत नाही. ध्वनीची चिप रिअलटेकची असू शकते, मूळ प्रक्रियेची इंटेलची किंवा एएमडीची, बोट फिरवण्याच्या पाटीची सिनॅप्टिक्सची. ड्रायव्हर येतो तो चिप बनवणाऱ्याच्या नावाने.

विंडोज हे भाग ओळखते ते क्रमांकांवरून. प्रत्येक उत्पादकाला आणि त्याच्या प्रत्येक वस्तूला एक एक क्रमांक असतो आणि विचारणा होताच उपकरण ते सांगते. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली त्याच कंपनीने काढलेल्या गाजलेल्या प्रोसेसरचे ते नाव. अशा क्रमांकांवरून विंडोज अपडेटच्या भांडारात जुळणारे ड्रायव्हर शोधले जातात. एकाहून अधिक सापडले तर क्रमांक अधिक नेमकेपणाने जुळणारा पुढे राहतो. तेथेही बरोबरी झाली तर ज्याची तारीख नंतरची तो निवडला जातो, आणि तारीखही सारखीच असेल तर आवृत्तीचा क्रमांक पाहिला जातो.

१९६८ च्या कोड्याचा उलगडा येथेच होतो. १८ जुलै १९६८ हा इंटेल कंपनीच्या स्थापनेचा दिवस. मदरबोर्डवरील भागांना केवळ योग्य नाव देणाऱ्या आपल्या साध्या फाइलींवर कंपनीने हेतुपुरस्सर ही तारीख घातली. संगणक बनवणाऱ्याने त्याच भागासाठी खास तयार केलेला ड्रायव्हर आधीच बसलेला असेल, तर त्याची तारीख साहजिकच नंतरची ठरावी आणि इंटेलच्या सर्वसाधारण फाइलीने त्याची जागा घेऊ नये, हा त्यामागील विचार. मायक्रोसॉफ्टनेही तीच युक्ती केली आहे. विंडोजबरोबरच येणाऱ्या तिच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही एकच तारीख असते, मग विंडोज कितीही नवी असो. तेव्हा जुनी तारीख दिसली म्हणजे ड्रायव्हर जुना किंवा बनावट, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. वापरणाऱ्यांना हे आधीच सांगितले असते तर पुष्कळांची धास्ती वाचली असती, इतके मात्र म्हणावेसे वाटते.

जेथे पुरवठाच चुकला

विंडोज अपडेटमधून येणाऱ्या ड्रायव्हरला ठरावीक चाचण्या पार कराव्या लागतात आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी असते. स्वाक्षरीमुळे वस्तू कोठून आली ते कळते. आपल्या संगणकाला ती मानवेल की नाही ते कळत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कळफलकाचा एक ड्रायव्हर बसताच एचपी कंपनीच्या काही संगणकांचा पडदा निळा होऊ लागला. त्याच महिन्यात इंटेलचा एक ध्वनी ड्रायव्हर थोडा काळ चुकून भलत्याच संगणकांना पाठवला गेला व त्यांचा आवाज बंद झाला. दोन्ही वेळा मायक्रोसॉफ्टने पुरवठा थांबवला आणि चुकीचा ड्रायव्हर काढण्यासाठी आणखी एक अद्ययावतीकरण पाठवले. २०२३ च्या अखेरीस तर काही संगणकांवर इतर कंपन्यांच्या प्रिंटरांची नावे आपोआप बदलून एचपीच्या एका प्रिंटरचे नाव पडले आणि त्या कंपनीची आज्ञावलीही न मागता येऊन बसली. छपाई सहसा बिघडली नाही, पण जो प्रिंटर आपण घेतलाच नाही त्याचे नाव पाहून लोक गोंधळले. दुरुस्तीचे साधन डिसेंबरमध्ये आले.

या सर्वांहून वेगळे प्रकरण २०१४ सालचे आहे. स्कॉटलंडमधील एफटीडीआय कंपनीची एक छोटी चिप असंख्य उपकरणांत असते. युएसबीची जोडणी आणि जुन्या पद्धतीची सिरियल जोडणी यांच्यामध्ये ती दुवा साधते. तिच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. कंपनीने काढलेला नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा वस्तू क्रमांक शून्य करून ठेवत असे. त्यानंतर ते उपकरण कोणत्याच संगणकाला ओळखू येईना. हा ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत आपोआप घरोघर पोचला. ज्यांची उपकरणे निकामी झाली त्यांपैकी बहुतेकांना आपल्या वस्तूत अशी काही चिप आहे हेही ठाऊक नव्हते, मग ती नकली आहे हे कोठून असणार? मोठा गहजब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नकलेविरुद्ध उत्पादकाची तक्रार रास्त होती. परंतु दुरुस्तीसाठी उघडलेल्या दारातून शिक्षा पाठवणे कोणत्याही न्यायात बसत नाही, कारण त्यानंतर लोक ते दारच बंद करू लागतात.

दार बंद करण्याची किंमत

ती किंमत काय असते हे २०२१ मध्ये दिसले. विंडोजच्या छपाई व्यवस्थेत एक गंभीर उणीव आढळली. ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ती ओळखली गेली. प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीचाच आडमार्ग करून परक्याला संगणकाचा ताबा घेता येत होता. जुलैमध्ये तिच्यावर तातडीची दुरुस्ती आली आणि ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचे अधिकार आवश्यक करण्यात आले. ज्यांनी अद्ययावतीकरण बंद ठेवले होते, त्यांच्यापर्यंत यांपैकी काहीच पोचले नाही.

म्हणून सुरक्षेची मासिक दुरुस्ती आणि ड्रायव्हर या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. पहिली वेळेवर बसू द्यावी. ऐच्छिक यादीतील ड्रायव्हरांचे तसे नाही. उपकरण नीट चालत असेल तर ते निवडण्याची घाई नको. काही बिघाड असेल तरच त्या बिघाडाशी संबंधित तेवढा एक निवडावा. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत ड्रायव्हर वगळून बाकीचे अद्ययावतीकरण घेण्याचे धोरण ठरवता येते. अनेक संगणक असलेल्या कार्यालयात तांत्रिक कर्मचाऱ्याने ते लावून द्यावे आणि नवा ड्रायव्हर आधी एकाच संगणकावर पाहावा. घरगुती आवृत्तीत ही सोय नाही. तेथे अद्ययावतीकरण काही आठवडे थांबवून ठेवता येते, पण त्याबरोबर सुरक्षेची दुरुस्तीही थांबते, हे ध्यानात ठेवावे. मार्चअखेरच्या हिशेबाच्या किंवा परीक्षेचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात हा उपाय करण्यास हरकत नाही.

एखाद्या सकाळी ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालेनासा झाला, तर उपकरण बिघडले असे धरून दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी अद्ययावतीकरणाचा इतिहास उघडून पाहावा. त्यात ड्रायव्हरांची वेगळी यादी तारखेनिशी असते. आदल्या दिवशीची नोंद सापडली तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या उपकरणाच्या ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक’ हे बटण असते. आधीचा ड्रायव्हर त्याने परत येतो. ही सोय २००१ च्या विंडोज एक्सपीपासून आहे, तरी ती ठाऊक असणारे थोडे. बटण फिकट दिसत असेल तर परतण्यासाठी जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजावे आणि तो उपकरणाच्या उत्पादकाकडून घ्यावा. इंटरनेट पाहताना ‘आपले ड्रायव्हर जुने झाले आहेत’ अशी भीती घालणाऱ्या जाहिरातींतून मात्र काहीही घेऊ नये. विंडोज आपली सूचना स्वतःच्या सेटिंगमध्ये देते, वाचत असलेल्या पानावर नव्हे.

यादीत ‘फर्मवेअर’ हा शब्द दिसला तर अधिक जपावे लागते. ही वस्तू नेहमीच्या ड्रायव्हरप्रमाणे विंडोजमध्ये न राहता यंत्राच्या चिपमध्येच लिहिली जाते, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर संगणक पुन्हा सुरूच न होण्याचा संभव असतो. भारनियमनाच्या वेळेत ती घेऊ नये. लॅपटॉप चार्जरला व टेबलावरील संगणक यूपीएसला जोडलेला असावा. ज्या संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली आहे, तो फर्मवेअर बदलल्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती संकेतांक मागू शकतो. तो मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा संस्थेच्या नोंदीत साठवलेला असतो. संगणक ज्याने प्रथम सुरू केला त्या कर्मचाऱ्याची बदली झाली असेल तर तो शोधणे जिकिरीचे होते. त्यामुळे संगणक ताब्यात घेतानाच हा संकेतांक कागदावर उतरवून जडसंग्रह नोंदवहीबरोबर कुलपात ठेवावा.