नावं पळतात, मूड ठरतो

'दो और दो पाँच' (1980) आणि 'बीवी ओ बीवी' (1981) हे दोन्ही विनोदी चित्रपट. दोन्हींच्या श्रेयनामावलीसाठी राम मोहन यांनी अ‍ॅनिमेशन केलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली घडलेल्या या कलावंताला 2014 मध्ये पद्मश्री मिळाली. नट पडद्यावर येण्याआधीच हसायची तयारी करून देणं, हे अशा श्रेयनामावलीचं काम. पण नुसत्या रेषांना ते जमतं कसं?

याचं पहिलं उत्तर आकारात आहे. 1929 मध्ये मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून त्यांना दोन निरर्थक नावं द्यायला सांगितलं. बहुतेकांनी कर्कश उच्चाराचं नाव टोकदार आकृतीला दिलं. म्हणजे आकार पाहताना मेंदू त्याचा स्वभावही ठरवून टाकतो. विनोदी श्रेयनामावलीत गुबगुबीत, उसळणारी अक्षरं आणि भयपटात चिरफाळलेली अक्षरं दिसतात, ती यामुळेच. 'सायको' (1960) या भयपटाच्या सुरुवातीला श्रेयनामावलीचे डिझायनर सॉल बास यांनी फक्त सरळ पट्ट्या वापरल्या. त्या आडव्या-उभ्या धावत येतात आणि नावांचे तुकडे करतात. सुरी पुढे येणार असते; कापाकापी आधीच सुरू झालेली असते.

दुसरं उत्तर गतीत आहे. 1944 मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरतात, अशी छोटी फिल्म दाखवली. जवळजवळ सगळ्या प्रेक्षकांनी त्यात गुंड, घाबरलेलं कुणीतरी, पाठलाग असं बरंच काही पाहिलं. चेहरा, हात-पाय काहीच नव्हतं. हेतू दिसला तो हालचालीतून.

ही हालचाल मुळात भास असते. सेकंदाला 24 चौकटी सरकतात. अनेकदा एकच चित्र दोन चौकटींसाठी वापरून 12 चित्रांत काम भागवलं जातं. मधल्या जागा मेंदू भरतो. त्यामुळे अ‍ॅनिमेटरच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांमधलं अंतर. अंतर जास्त ठेवलं की वेग वाढतो. हळूहळू वाढवत नेलं की वस्तूला वजन आल्यासारखं वाटतं. उडी मारण्याआधी पात्र किंचित खाली दबलं की ते जिवंत वाटतं आणि हसूही येतं. तेच पात्र बराच वेळ निश्चल ठेवून अचानक हलवलं, तर दचकायला होतं.

मूड ठरवण्यात संगीताचा वाटा मोठा आहेच. आवाज बंद करून श्रेयनामावली पाहिली, तर चित्राचा वाटा वेगळा काढता येतो.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या गावातल्या शाळेतही गतीचं हे विज्ञान वहीवर तपासता येईल. वहीच्या 24 पानांच्या कोपऱ्यांवर एक चेंडू काढा, प्रत्येक पानावर सारख्याच अंतराने पुढे सरकवत. पानं फरफर सोडली की चेंडू यंत्रासारखा सरकतो. दुसऱ्या वहीत सुरुवातीला आणि शेवटी अंतर कमी, मध्ये जास्त ठेवा. आता चेंडू दम घेऊन निघाल्यासारखा आणि सावकाश थांबल्यासारखा दिसेल. पहिला एकसमान वेग, दुसरं त्वरण. विज्ञानाच्या शिक्षकांनी गतीचा धडा शिकवताना मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा.