इनबॉक्स आवरा, जुना पीसी सजवा!

विंडोजवर एक नवा फोल्डर उघडा आणि त्याला सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचं नाव द्या. जमणार नाही! कितीही वेळा करा, पीसी ऐकणार नाही. असं का, ते पुढे येईलच. आपल्या इनबॉक्समध्ये आणि टेबलावरच्या जुन्या पीसीमध्ये अशा कितीतरी खोडी आहेत आणि प्रत्येकीमागे कुणीतरी, कधीतरी घेतलेला एक निर्णय आहे. तो कळला की आवराआवरीची भीती जाते. काय ठेवायचं, काय टाकायचं, हे नेमकं ठरवता येतं. तर आधी इनबॉक्स, मग पीसी.

शेजारच्या मशीनला पहिला मेल
1971 साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप धाडला. दोन्ही मशीन शेजारीशेजारी उभी होती, पण निरोप गेला अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या जाळ्यातून. माणूस कोण आणि त्याचं मशीन कोणतं, हे वेगळं कळावं म्हणून त्यांनी मध्ये @ टाकला, कारण हे चिन्ह कुणाच्या नावात येत नाही. फसवा मेल ओळखायला आजही हीच रचना कामी येते. बँकेचं नाव @ च्या आधी आणि पुढे भलतंच काही दिसलं, तर तो मेल थेट स्पॅममध्ये टाका.

400 जणांच्या माथी एक जाहिरात
3 मे 1978. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी नव्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एका झटक्यात पाठवली. लोक भडकले आणि नको असलेल्या मेलचं युग सुरू झालं. आता पारडं थोडं आपल्या बाजूला झुकलंय. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्या जाहिरातदारांनी एका क्लिकमध्ये ‘अनसबस्क्राइब’ची सोय द्यायलाच हवी, असा नियम जीमेल आणि याहूने 2024 मध्ये केला. ओळखीच्या दुकानांच्या मेलना हे बटण बिनधास्त दाबा. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या लिंकला मात्र हात लावू नका.

एक एप्रिलची खरी बातमी
जीमेल सुरू झालं 1 एप्रिल 2004 रोजी आणि जागा देऊ केली 1 जीबी. तेव्हा हॉटमेलवर 2 एमबी मिळायची! अनेकांना हा एप्रिल फूलच वाटला. त्याआधी जागेसाठी मेल सतत पुसावे लागायचे. ‘राहू दे, लागेल कधीतरी’ ही सवय जीमेलपासून लागली. आज फुकट मिळणारी 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटली जाते. ती भरत आली असेल तर एकेक मेल पुसत बसू नका. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, शोधचौकटीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा आणि 10 एमबीपेक्षा मोठे मेल शोधा. मोजक्या मेलमध्ये बरीच जागा अडकलेली सापडेल. पुसलेले मेल बिनमध्ये 30 दिवस पडून असतात. जागा लगेच हवी असेल तर बिनही रिकामी करा.

फुगणारे फोटो
15 एमबीची फाइल मेलला जोडली की प्रवासात ती साधारण 20 एमबीची होते. मेलची यंत्रणा मुळात फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी बनली होती. त्यामुळे फोटो, गाणी पाठवताना त्यांच्या दर तीन बाइटची चार अक्षरं करावी लागतात. ही युक्ती रुळवणाऱ्या ‘माइम’ पद्धतीचे एक जनक नथॅनियल बोरेनस्टीन यांनी मार्च 1992 मध्ये जोडून पाठवलं काय? आपल्या गायक चौकडीचा फोटो आणि गाणं!

टिंब मोजूच नका
जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी कितीही टिंबं द्या, मेल तुम्हालाच येतो. त्याहून कामाचं चिन्ह म्हणजे +. नावानंतर + आणि एखादा इंग्रजी शब्द जोडून तो पत्ता दुकानाला दिला, तरी मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये पडतो. मग त्या पत्त्याला फिल्टर लावा. बिलं एका कप्प्यात, ऑफर दुसऱ्या कप्प्यात आपोआप जातील.

शून्य कसलं?
‘इनबॉक्स झीरो’ ही कल्पना मर्लिन मान यांची. 2007 मधल्या त्यांच्या भाषणाने ती जगभर गेली. अनेक जण शून्य मेल उरवायच्या मागे लागले, पण मान यांचा रोख होता आपलं डोकं इनबॉक्समध्ये किती अडकून राहतं यावर. मेल आला की पुसा, पुढे धाडा, उत्तर द्या, नंतरसाठी बाजूला ठेवा किंवा काम उरकून टाका. 40 मेल उरले तरी चालतील, ते मनात घोळायला नकोत.

आता पीसीकडे वळू.

ए आणि बी गेले कुठे?
हार्ड डिस्कचं नाव ‘सी’पासून सुरू होतं, कारण ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी राखलेले होते. फ्लॉपी गेली, राखीव जागा राहिली. सी-ओ-एनचंही तसंच. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हे नाव कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्याचं होतं. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून विंडोज आजही ते कुणाला देत नाही.

पत्ते खेळा, माउस शिका
1990 च्या विंडोज 3.0 मधला सॉलिटेअर वेस चेरी या इंटर्नने लिहिला. पत्त्यांची चित्रं काढली सुझन केअर यांनी, म्हणजे पहिल्या मॅकिंटॉशचे आयकॉन रेखाटणाऱ्या कलावतीने. पत्ता उचलून दुसऱ्या जागी टाकता टाकता लाखो लोकांचा माउसवर हात बसला.

ती हिरवी टेकडी खरी आहे
विंडोज एक्सपीचा वॉलपेपर म्हणजे चार्ल्स ओरिअर यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात फिल्मवर टिपलेला फोटो. द्राक्षवेलींवर कीड पडल्याने वेली काढल्या होत्या, म्हणून तिथे नुसतं गवत होतं. तुमच्या जुन्या पीसीवरही स्वतःचाच फोटो लावा. तो आडवा घ्या आणि आयकॉन बसतात ती डावी बाजू मोकळी ठेवा.

पडद्यावरचा ‘मंगल’
विंडोजवर मराठी वाचताना वर्षानुवर्षं दिसलेला ‘मंगल’ फॉण्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. सुलेखनकार, कवी आणि मुंबईच्या आयआयटीतले शिक्षक असलेल्या या माणसाची अक्षरं आपल्या घराघरांत पोचली आहेत. जुन्या पीसीच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की कीबोर्ड मराठी होतो. फोल्डरनाही मराठी नावं द्या: ‘वीजबिलं’, ‘आईचे रिपोर्ट’, ‘लग्नाचे फोटो’. घरातल्या सगळ्यांना कळतील.

भंगारात देण्याआधी
विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेक जुने पीसी विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. म्हणून ते निकामी झाले असं नाही. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. वायर काढून आतली धूळ झटका. झटकताना पंखा बोटाने धरा, हवेने गरगरू देऊ नका. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. खर्चाच्या मानाने वेगात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. मग विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या. आधीचं काहीही न पुसता ती चालवून पाहता येते आणि 2 जीबी रॅमवरही सुरू होते, 4 जीबी असेल तर उत्तम.

लिहिणं, वाचणं, हिशेब, व्हिडिओ, मराठी टायपिंग एवढी कामं असा पीसी आरामात करतो. घरात शाळकरी मूल असेल तर हे सगळं त्याला सोबत घेऊन करा. नव्या मशीनचं झाकण त्याला कुणी उघडू देणार नाही, या मशीनचं उघडता येईल.