बाईकला हलकी लिथियम बॅटरी बसवताय? आधी हे आकडे बघा

चार बायकर्स एकत्र आले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम टाकू का? वजन कमी होतं, सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी जास्त वर्षं टिकते, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यातलं बरंचसं खरं आहे. पण लिथियमची किंमत लेड-ॲसिडच्या कितीतरी जास्त असते, आणि स्टिकरवरचा एक आकडा नीट वाचला नाही, तर जास्त पैसे देऊन आपण उलट लहान बॅटरी घरी आणतो.

फोनमधलीच बॅटरी का?

नाही. फोनमध्ये सहसा कोबाल्ट असलेली लिथियम बॅटरी असते. बाईकच्या बॅटऱ्या बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपीच्या असतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ साली या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

एलएफपी तेवढ्याच वजनात फोनच्या बॅटरीपेक्षा कमी ऊर्जा साठवते, पण तापल्यावर जास्त स्थिर राहते. दुसरी सोय म्हणजे तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात. चांगली चार्ज झालेली लेड-ॲसिडही याच्याच आसपास असते, म्हणून वायरिंग न बदलता ती बसवता येते.

स्टिकरवरचा एएच खरा किती?

लेड-ॲसिडवर ८ एएच लिहिलं असेल, तर ती साधारण तेवढा चार्ज साठवते. लिथियमवर मात्र अनेकदा 'इक्विव्हॅलंट' एएच छापलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच, की सेल्फ मारण्याच्या कामात ती तेवढ्या एएचच्या लेड-ॲसिडची बरोबरी करते. खरी साठवण बऱ्याचदा त्याच्या एक तृतीयांशच असते. म्हणजे १२ एएच इक्विव्हॅलंटच्या डब्यात खरे ४ एएच.

आता गणित करू. ४ एएच गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे सुमारे ५१ वॉट-अवर. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-अवर असतात आणि २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४. म्हणजे या बॅटरीत तुमच्या पॉवर बँकेपेक्षाही कमी ऊर्जा आहे! तरी ती इंजिन फिरवते, कारण ती क्षणभरासाठी प्रचंड करंट देऊ शकते. टाकी लहान, पण नळ मोठा, असं समजा.

नुसतं इंजिन चालू करायचं असेल तर लहान टाकी चालते. पण जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म लावला असेल तर हिशोब बदलतो. समजा, बाईक उभी असताना सगळं मिळून २० मिलिअँपिअर खातंय. पूर्ण चार्ज असलेली ८ एएचची लेड-ॲसिड सोळा दिवसांत रिकामी होईल, ४ एएचची लिथियम आठ दिवसांत. लिथियम स्वतःहून फार हळू उतरते हे खरं, पण ट्रॅकर थांबत नाही.

बीएस-६ बाईकवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. फ्युएल इंजेक्शनच्या बाईकला पंप आणि ईसीयूसाठी वीज लागते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर घाटात धक्का मारूनही ती चालू होईलच असं नाही, आणि बऱ्याच नव्या गाड्यांना किक नसते.

वजनाचा फायदा किती?

या आकाराची लेड-ॲसिड साधारण ३ किलोची, लिथियम १ किलोच्या आसपास. म्हणजे २ किलो वाचले. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे, त्यात हा फरक एक टक्का. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोचं असतं, म्हणजे टाकीत पावणेतीन लिटर कमी भरलं तरी तेवढंच वजन कमी होतं. ट्रॅकवर याला अर्थ आहे, कात्रज ते हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाही.

घेण्याआधी मल्टिमीटर लावा

इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, आधी आयडलला, मग ४-५ हजार आरपीएमला. एलएफपीची वरची मर्यादा सहसा १४.४ ते १४.६ व्होल्ट असते. तुमच्या बॅटरीची नेमकी मर्यादा तिच्या कागदावर बघा. माझ्या बाईकवर १४.१ येतं, म्हणजे ठीक. १५ च्या पुढे जात असेल तर आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर दुरुस्त करा. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: खरी एएच किंवा वॉट-अवर किती, आणि आतल्या बीएमएसमध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ आहे का? काही बॅटऱ्यांत फक्त सेल बॅलन्सिंग असतं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

बसवताना आणि नंतर

- चावी बंद. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट.
- प्लस-मायनस जुन्या बॅटरीच्याच बाजूला आहेत ना, हे विकत घेतानाच बघा.
- लिथियमचा डबा लहान असतो. सोबतचे फोम लावून घट्ट बसवा. खड्ड्यात टर्मिनल फ्रेमला टेकलं तर थेट शॉर्ट.
- डिसल्फेशन मोड असलेला जुना चार्जर लावू नका. लिथियमसाठीचाच घ्या.
- लेड-ॲसिड १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली असते. एलएफपी १२.६ दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी असते. भरलेली एलएफपी उभ्या गाडीत १३.३ च्या आसपास दाखवते.
- पूर्ण बसलेली किंवा फुगलेली लिथियम जंप-स्टार्ट करू नका, उघडू तर अजिबात नका.
- जुनी लेड-ॲसिड भंगारात नको, बॅटरीच्या दुकानात परत द्या. किमतीत सूटही मिळते.

लडाख-स्पितीला जाणार असाल तर लक्षात ठेवा: थंडीत लिथियम सुस्त होते. सकाळी मिनिटभर हझार्ड लाइट लावून तिला थोडी ऊब येऊ द्या, मग सेल्फ मारा. शून्याखाली तिला चार्ज करणं मात्र तिच्या सेलला मारक असतं.

मग घ्यावी का?

चार्जिंग व्होल्टेज मर्यादेत आहे, उभ्या गाडीत वीज खाणारं काही लावलेलं नाही आणि बजेट आहे, तर खुशाल घ्या. माझ्या बाईकला ट्रॅकर आहे आणि वर्क फ्रॉम होममुळे ती दहा-दहा दिवस उभी असते. म्हणून मी अजून लेड-ॲसिडच वापरतोय. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. फक्त तो स्टिकर बघून नाही, मल्टिमीटर बघून घ्या.