राजा दिनकर केळकर संग्रहालय

पुणे येथील एक प्रसिद्ध वस्तुसंग्रहालय. शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यालगत असलेले हे संग्रहालय एका व्यक्तीच्या छंदातून उभे राहिले. नावातील ‘राजा’ ही पदवी असावी, असा नवागतांचा बहुधा समज होतो. वस्तुतः ते संग्राहक दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांच्या अल्पवयात निवर्तलेल्या एकुलत्या मुलाचे नाव होय.

केळकर हे ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने काव्यलेखन करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचे या कामी मोठे साहाय्य झाले. राहत्या घरातच वाढत गेलेल्या या संग्रहात १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९७५ मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला.

मूर्ती, शस्त्रे, चित्रे व हस्तिदंती कामही येथे आहे. तथापि संग्रहाचे खरे वैशिष्ट्य घरगुती वापराच्या वस्तूंत आढळते. समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वज्र्या, कोरीव दरवाजे अशा या वस्तू प्रायः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असून त्यांचे कर्ते अज्ञात आहेत. अडकित्त्याचे काम एकच, सुपारी कातरण्याचे. परंतु त्याच्या दोन पात्यांच्या रचनेतून कारागिरांनी पक्षी, घोडे, स्त्रीपुरुषांच्या जोड्या असे नाना आकार साधले. टाचा घासण्याच्या वज्रीचा तळ खरखरीत राखून वरच्या मुठीला त्यांनी प्राण्यापक्ष्यांचे रूप दिले. एकटी वज्री पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटेल. अनेक शेजारी मांडल्या की घडविणाऱ्याची कल्पकता लक्षात येते. एकाच जातीच्या वस्तू मोठ्या संख्येने जमविण्याचा केळकरांचा हव्यास त्यामुळे सार्थ ठरतो. मोडीत निघून वितळविल्या जाणाऱ्या अशा पितळी वस्तूंची एरवी कोणी नोंदही ठेवली नसती.

वाद्यांचे दालन विशेष समृद्ध आहे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्याची येथे पुनर्रचना करण्यात आली आहे.

जागेची अडचण मात्र जाणवते. एकूण वस्तूंची संख्या २०,००० हून अधिक असून त्यांपैकी सुमारे २,५०० प्रदर्शित केलेल्या आहेत. साहजिकच अभ्यासकाला उपयुक्त असा संग्रहाचा फार मोठा भाग सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीआड राहतो.