डीझेल मालमोटारीच्या एंजिनातील अधूनमधून उद्‌भवणारे बिघाड

जुन्या डीझेल मालमोटारीचे एंजिन काही काळ सुरळीत चालते, मध्येच त्याची शक्ती घटते, ते अडखळते किंवा बंद पडते आणि थोड्या वेळाने काहीच न घडल्याप्रमाणे पुन्हा चालू लागते. अशा दोषास अधूनमधून उद्‌भवणारा बिघाड म्हणतात. मोडलेला भाग शोधणे तुलनेने सोपे असते. येथे मात्र गाडी दुरुस्तीस येईपर्यंत लक्षणच नाहीसे झालेले असते. 'जुनी' या शब्दाने येथे यांत्रिक अंतःक्षेपण पंप असलेली, इलेक्ट्रॉनीय नियंत्रण नसलेली गाडी अभिप्रेत आहे. टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीशी सहकार्याचा करार करून जमशेटपूर येथे मालमोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. त्या गाड्या आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांतील बहुतेक भारतीय मालमोटारी या वर्गात मोडतात.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात हा प्रश्न नित्याचा आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. ८, आताचा क्र. ४८) घोडबंदरजवळ वसईची खाडी ओलांडून चिंचोटी, वसई फाटा, पेल्हार, शिरसाड या मार्गाने उत्तरेस जातो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक गाळ्यांचा माल, खडी व रेती यांची वाहतूक याच रस्त्याने होते. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे इंधनाच्या टाकीत पाणी व गंज साचण्यास येथे विशेष वाव मिळतो. भरलेली गाडी पुलावर किंवा चढावर बंद पडली, तर वाहतूक खोळंबते हा त्यातील लहान भाग होय. हवेचे ब्रेक असलेल्या गाडीत एंजिनाबरोबर हवेचा संपीडकही थांबतो व ब्रेकच्या प्रत्येक दाबणीबरोबर साठ्यातील हवा कमी होत जाते. एंजिन बंद पडताच गाडी उतारावर तशीच घरंगळू न देता कडेला उभी करणे व चाकांना उटी लावणे, हे कारण शोधण्याआधीचे काम आहे.

डीझेल एंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या हवा मूळ घनफळाच्या सु. सोळा ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबतो, तिचे तापमान ५००° से.च्या वर जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणून एकदा चालू झालेले जुने एंजिन विजेवर अवलंबून राहत नाही. इंधन, हवा व पुरेसे संपीडन मिळाले की ते चालते. संपीडन झिजेमुळे हळूहळू कमी होते, ते घटकेत जाऊन घटकेत परत येत नाही. राहता राहिले इंधन व हवा, आणि यांत इंधनाचा पुरवठाच बहुधा दोषी ठरतो. तरीही पहिला आळ येतो तो अंतःक्षेपण पंपावर, कारण तो सर्वांत गुंतागुंतीचा असतो. त्याची दुरुस्ती खर्चिक असते व तेवढे दिवस गाडी उभी राहते. एकाच गाडीच्या मालकास हा भुर्दंड फार जड जातो.

खरा दोषी पुष्कळदा हवेचा बुडबुडा असतो. टाकीपासून पुरवठा पंपापर्यंतच्या नळीत इंधन ओढले जाते, म्हणजे तेथील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी असतो. या भागातील सांधा सैल असेल, तांब्याची चकती चेपली असेल किंवा रबरी नळीस बारीक चीर असेल, तर इंधन बाहेर न गळता हवा आत शिरते. पुरवठा पंपाच्या पुढे दाब जास्त असल्याने तेथील गळती ओल्या डागावरून ओळखता येते. त्या आधीच्या भागात मात्र कोरडा दिसणारा सांधाही निर्दोष मानता येत नाही. ही गोष्ट ध्यानात न आल्याने दिवसचे दिवस वाया जातात. इंधन जवळजवळ असंपीड्य असते, हवा तशी नसते. पंपात हवा आली की दट्ट्याचा रेटा ती दाबण्यातच खर्च होतो, अंतःक्षेपक (मिस्त्रींच्या भाषेत नोझल) उघडण्यास लागणारा, अशा अनेक एंजिनांत दर चौ.सेंमी.ला सु. २०० किग्रॅ. असलेला दाब निर्माण होत नाही आणि सिलिंडरात फवारा पडत नाही. गाळणीच्या वरच्या भागात हवा साठत राहते व एकदम पुढे सरकते. म्हणून बिघाड अधूनमधून दिसतो. सकाळी एंजिन चटकन चालू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडत असेल, तर रात्रीतून नळीतील इंधन टाकीकडे परतले आणि पंपात उरलेल्यावर एंजिन तेवढे चालले, असे समजावे.

मिस्त्री 'एअर काढतो', म्हणजे गाळणीवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने फेस घालवतो, आणि गाडी चालू होते. त्याच वेळी एखादा भाग बदललेला असल्यास श्रेय त्या भागास मिळते. वस्तुतः लक्षण तेवढे दूर झालेले असते, हवा शिरण्याची वाट तशीच राहते. त्यासाठी दोन स्वस्त परीक्षा आहेत. पुरवठा पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा बसवून गाडी चालवल्यास बुडबुडे डोळ्यांस दिसतात. दुसरी परीक्षा अधिक निर्णायक आहे : स्वच्छ डीझेलचा डबा पंपापेक्षा उंचावर, तापलेल्या धूरनळापासून दूर पक्का बांधून त्यातून थेट पुरवठा करावा. ज्या परिस्थितीत बिघाड होत असे त्याच परिस्थितीत एंजिन आता निर्वेध चालले, तर पंप निर्दोष असून दोष टाकी व नळी यांत आहे.

टाकीतही कारणे दडलेली असतात. झाकणाचे वायुछिद्र बुजले की आत निर्वात वाढतो व पुरवठा खुंटतो; त्या क्षणी झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो व एंजिन सुधारते. चिंधीचा तुकडा किंवा चिखलाचा थर शोषणनळीच्या तोंडाशी ओढला जातो, एंजिन बंद पडते, ओढ थांबताच तो सुटून खाली बसतो व गाडी पुन्हा चालते. रबरी नळीचे आतील अस्तर सुटून झडपेसारखे मिटते, तेव्हा बाहेरून नळी धडधाकट दिसते. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी राहते व चढउतारावर किंवा हिसक्याने नळीच्या तोंडाशी येते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री बाष्प द्रवते, म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून ठेवणे व तळाची गुडदी काढून पाणी सोडणे हिताचे असते.

चालकास विचारण्याचे प्रश्न यावरून ठरतात : एंजिन थंड असता की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, टाकी किती भरलेली असता, किती वेळ थांबल्यावर गाडी पुन्हा चालू झाली. क्लीनरची स्मृती पुष्कळदा चालकाहून नेमकी असते. धुराचा रंगही सांगतो : शक्ती घटताना धूर नाहीसा झाला तर इंधन कमी पडले, काळा झाला तर हवा कमी पडली आणि हवागाळणी पाहावी, पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा असतो.

एकच सिलिंडर चुकत असल्यास मंद गतीत प्रत्येक अंतःक्षेपकाच्या नळीची चाकी थोडी सैल करून पाहतात. जेथे आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर सदोष. हे करताना हात व डोळे दूर ठेवणे आवश्यक असते, कारण उच्च दाबाचा फवारा त्वचा भेदून आत शिरतो आणि अशी जखम लहान दिसली, तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

एवढे झाल्यावरच पंपाकडे वळावे. तापल्यावर एंजिन पुन्हा चालू होण्यास कष्ट पडत असतील व थंड झाल्यावर ते सहज चालू होत असेल, तर पंपाचे दट्ट्ये झिजून पातळ झालेले इंधन त्यांच्या कडेने निसटत असण्याचा संभव असतो. एंजिनाचा वेग आपोआप वरखाली होत असल्यास गतिनियंत्रक तपासतात. काही जुन्या पंपांत तो हवेच्या ओढीवर चालतो व त्यातील पडदा फाटला, तर हे लक्षण दिसते. पंपाची जुळणी रस्त्याकडेला होत नाही, त्यासाठी मापन-मंचाची सोय असलेली कार्यशाळाच लागते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन, डीझेल एंजिन].