डीएमएसाठी मेमरी: लॅपटॉपवर चालतं, बोर्डवर का बिघडतं?

संशोधनात स्वतःचं उपकरण जोडायची वेळ बऱ्याच जणांवर येते. डेटा गोळा करणारं कार्ड असेल, कॅमेरा असेल, नाहीतर एफपीजीए. लिनक्ससाठी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपवर मस्त चालतो. तोच एआरएम बोर्डवर नेला की मधूनच जुनी मूल्यं दिसायला लागतात. एरर नाही, क्रॅश नाही, फक्त आलेख चुकीचा! आणि तो चुकीचा आहे हे सहज कळतही नाही.

असं का होतं ते बघू. डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता उपकरणाने थेट मेमरीत लिहिणं किंवा तिथून वाचणं. ड्रायव्हर फक्त पत्ता आणि लांबी सांगतो. पण कुठलीही मेमरी देऊन चालत नाही. तीन गोष्टी आड येतात.

पहिली, पोहोच. जुन्या आयएसए बसवरचा डीएमए २४ बिटांचा, म्हणजे १६ एमबीपर्यंतच. ३२ बिटांचं उपकरण ४ जीबीच्या पुढचा पत्ता काढूच शकत नाही.

दुसरी, पत्ता. प्रोसेसरचा पत्ता आणि उपकरणाचा पत्ता एकच असेल असं नाही. रास्पबेरी पाय ३ वर प्रोसेसरला शून्यापासून दिसणारी मेमरी डीएमए कंट्रोलरला ३ जीबीपासून पुढे दिसते. मध्ये आयओएमएमयू असेल तर पत्ते आणखी वेगळे.

तिसरी, कॅश. एक्स८६ वर उपकरणाने मेमरीत लिहिलं की प्रोसेसरची कॅश हार्डवेअरच जुळवून घेतं. अनेक एआरएम चिप्समध्ये ही सोय नसते. मेमरीत नवा डेटा येतो, प्रोसेसर मात्र कॅशमधला शिळा वाचत बसतो. वर सांगितलेली जुनी मूल्यं बहुधा इथूनच येतात.

मग प्रत्येक बोर्डसाठी वेगळा कोड लिहायचा का? नाही. कर्नलचा डीएमए एपीआय वापरायचा. आधी 'डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट' वापरून उपकरण किती बिटांचा पत्ता देऊ शकतं ते सांगा. पुढे दोन रस्ते आहेत. उपकरण आणि ड्रायव्हर दोघंही सतत हात लावतात अशा लहान जागेसाठी 'डीएमए_अलॉक_कोहेरंट'. ते दोन पत्ते देतं, एक प्रोसेसरसाठी आणि एक उपकरणासाठी. ते अदलाबदल करू नका. मोठ्या डेटासाठी 'डीएमए_मॅप_सिंगल': मॅप केल्यापासून अनमॅप करेपर्यंत तो बफर उपकरणाचा. मध्येच वाचायचा असेल तर आधी सिंक करा.

गंमत म्हणजे कॉल तोच राहतो, आत घडणारं काम बदलतं. एखाद्या बोर्डवर कॅश साफ होते, दुसरीकडे आयओएमएमयूमध्ये नोंद होते, तर कुठे डेटा आधी उपकरणाच्या आवाक्यातल्या बफरमध्ये उतरवून मग कॉपी होतो. म्हणूनच एका मशीनवर मोजलेला वेग दुसऱ्या मशीनला लावू नका.

शेवटी एक चाचणी जरूर करा. खऱ्या मोजमापाआधी उपकरणातून ०, १, २, ३ असे चढते आकडे पाठवा आणि ज्या बोर्डवर प्रयोग होणार आहे त्याच बोर्डवर ते तासभर तपासा. सोबत कर्नलमधलं डीएमए एपीआय डीबग चालू ठेवा. एकही आकडा मागे गेला किंवा गळला, तर आलेख काढायची घाई करू नका.